शहरी पर्जन्यजलाचे व्यवस्थापन आणि अल्पाघाती विकासपद्धती : नांदेड व लातूर शहरांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

दि. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूर स्थानकात पोहोचली. दहा टाकी-डब्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी जवळपास ३४० किलोमीटरचा प्रवास करून आले होते. पुढे पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली आणि एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. तत्पूर्वी मार्च महिन्यातच पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा आदेश लागू करण्याची वेळ प्रशासनावर आली होती. मात्र त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस जोरदार पाऊस झाला, मांजरा धरण भरले आणि नदीकाठच्या गावांना पुराची चिंता लागली. टंचाई आणि पूर यांच्यामध्ये अवघ्या सहा महिन्यांचे अंतर होते.

या घटनेकडे केवळ दुष्काळाची कथा म्हणून पाहिले जाते. परंतु साध्या अंकगणिताने तिची दुसरी बाजूही लक्षात येते. एक हेक्टर क्षेत्रावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी पडते. म्हणजेच पन्नास डब्यांच्या गाडीने आणलेले पाणी हे दहा हेक्टर क्षेत्रावर पडणाऱ्या एका चांगल्या सरीएवढे होते. लातूरसारख्या शहरात अशा सरी दरवर्षी अनेकदा पडतात. छपरांवरून, रस्त्यांवरून आणि फरसबंद अंगणांतून ते पाणी काही तासांतच गटारांत व नाल्यांत जाते. जाताना ते सखल वस्त्यांत शिरते, सांडपाण्यात मिसळते आणि शहराच्या उपयोगी न पडता निघून जाते.

शहरात पडणाऱ्या पावसाला अडचण मानून शक्य तितक्या लवकर बाहेर घालवावयाचे, की तो जेथे पडतो तेथेच थोपवून उपयोगात आणावयाचा, हा नगररचनेतील मूलभूत प्रश्न आहे. दुसऱ्या पर्यायाचा पद्धतशीर विचार मांडणाऱ्या कार्यपद्धतींना जगभर ‘लो इम्पॅक्ट डेव्हलपमेंट’ या नावाने ओळखले जाते. मराठीत त्यांस ‘अल्पाघाती विकासपद्धती’ असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखात या पद्धतींचे स्वरूप व कार्य स्पष्ट करून, नांदेड व लातूर येथील माती, खडक आणि पाऊसमान लक्षात घेता त्यांत कोणते बदल करणे अपरिहार्य आहे, याचा विचार केला आहे.

नांदेड व लातूर : भौगोलिक पार्श्वभूमी

ही दोन्ही शहरे मराठवाड्यातील असली तरी पाण्याच्या दृष्टीने त्यांची स्थिती भिन्न आहे. लातूर हे बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर वसलेले आहे. शहरातून मोठी नदी वाहत नाही. मांजरा नदी शहराच्या उत्तरेकडून काही अंतरावरून जाते आणि शहराचा मुख्य पाणीपुरवठा बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात धनेगाव येथे असलेल्या मांजरा धरणावर अवलंबून आहे. धरण कोरडे पडले की शहराजवळ दुसरा मोठा आधार उरत नाही. २०१६ साली नेमके हेच घडले.

नांदेड हे गोदावरीच्या काठावर वसलेले शहर आहे. शहराच्या वरच्या बाजूस विष्णुपुरी प्रकल्पाचा जलाशय आहे आणि आसना नदीही शहराच्या लगतच गोदावरीस मिळते. नांदेडला पाण्याचा स्रोत जवळ आहे. परंतु पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहू लागली की शहरातील नाल्यांचे पाणी नदीत उतरण्यास अडथळा येतो व ते मागे तुंबते. अशा वेळी शहरावर पडणारा पाऊस आणि नदीचा फुगवटा एकत्र येऊन नदीकाठच्या वस्त्यांना त्रास होतो. २०११ च्या जनगणनेनुसार नांदेड-वाघाळा महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ५ लाख ५० हजार, तर लातूरची सुमारे ३ लाख ८३ हजार होती. त्यानंतर दोन्ही शहरांचा विस्तार होत राहिला आहे.

लातूर जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान ढोबळमानाने ८०० मिलिमीटरच्या आसपास असून नांदेडचे त्याहून काहीसे अधिक आहे. हा पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि तोही मोजक्या दिवसांत पडतो. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे असतात. भूस्तराचा विचार करता हा सर्व प्रदेश दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. त्यावर कोठे मुरमाचा, तर कोठे काळ्या चिकण मातीचा थर आढळतो. पठाराच्या चढावर हा थर उथळ, तर नदीखोऱ्यात बराच खोल असतो. शहरी पाण्याच्या कोणत्याही योजनेत हे तपशील निर्णायक ठरतात.

शहरीकरण आणि अपधाव

पडलेल्या पावसापैकी जमिनीत न मुरता पृष्ठभागावरून वाहून जाणाऱ्या पाण्यास अपधाव म्हणतात. मोकळ्या, गवताळ जमिनीवर पावसाचा बराचसा भाग मुरतो, काही खळग्यांत साचतो, काही झाडोऱ्यावर अडतो. त्याच जमिनीवर सिमेंटचे रस्ते, गच्च्या आणि फरशा आल्या की पृष्ठभाग अपार्य बनतो व बहुतेक सर्व पाणी वाहू लागते.

हा फरक अभियांत्रिकीतील एका प्रचलित सूत्राने मोजता येतो. क्षेत्रफळ, पावसाची तीव्रता आणि अपधाव-गुणांक यांच्या गुणाकारावरून महत्तम प्रवाह काढला जातो. बागबगिच्याच्या वा पडीक जमिनीसाठी गुणांक साधारणतः ०.१ ते ०.३५ आणि छपरे व डांबरी-सिमेंटच्या पृष्ठभागासाठी ०.७ ते ०.९५ मानतात. एक हेक्टर जमिनीवर ताशी ५० मिलिमीटर तीव्रतेचा पाऊस पडत असेल, तर ०.३ गुणांकाने सेकंदाला सुमारे ४२ लिटर आणि ०.८ गुणांकाने सुमारे १११ लिटर प्रवाह निर्माण होतो. पाऊस तोच असतो. मात्र भूखंड बांधला गेल्यामुळे प्रवाह अडीच पटींहून अधिक होतो. शिवाय हे पाणी गुळगुळीत पृष्ठभागावरून अधिक वेगाने नाल्यापर्यंत पोहोचते. पूर्वी पुरेसा असणारा नाला नंतर अपुरा का पडतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. नाल्यातील अतिक्रमण आणि कचरा यांनी समस्या वाढते. पण ती सुरू होते ती वरच्या बाजूच्या प्रत्येक अंगणात.

मराठवाड्यातील पारंपरिक घराची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. माळवदाचे घर, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, कडेला पन्हळ आणि खाली मातीचे अंगण वा परसू अशी ती रचना होती. माळवदाची माती पावसाचा पहिला भाग शोषून घेई, पन्हळीचे पाणी अंगणात पडे आणि परसातील झाडांना मिळे. मोठ्या प्रमाणावरील जलसंचयाची परंपराही या भागास नवी नाही; नांदेड जिल्ह्यातील कंधार येथील राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र हा जलाशय तिची साक्ष देतो. आजच्या घरात माळवदाची जागा सिमेंटच्या गच्चीने आणि अंगणाची जागा फरशीने घेतली आहे. पन्हळीऐवजी प्लास्टिकचा पाईप आला असून तो थेट रस्त्यावर वा गटारात सोडलेला असतो.

सार्वजनिक बांधकामांनीही या प्रक्रियेस हातभार लावला आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात महाराष्ट्रातून बृहन्मुंबई, पुणे, नागपूर व नाशिक यांच्याबरोबर नांदेडचा समावेश झाला. २००८ मधील गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने शहरात रस्ते व अन्य नागरी सुविधांची मोठी कामे झाली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अमृत अभियानात नांदेड व लातूर ही दोन्ही शहरे आली. अशा योजनांमुळे नागरी जीवन सुकर झाले, हे मान्य करावयास हवे. तथापि पर्जन्यजलाच्या बाबतीत या काळातील नियोजनाचा भर सर्वत्र पाणी लवकर वाहून नेण्यावरच राहिला. जुन्या रस्त्यावर नवा थर चढवीत गेल्याने रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याहून वर जाणे, ही तर लहानमोठ्या सर्वच शहरांतील नित्याची बाब आहे.

अल्पाघाती विकास : संकल्पना

अल्पाघाती विकासाची संकल्पना अमेरिकेतील मेरिलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस परगण्यात १९९० च्या दशकात आकारास आली आणि १९९९ मध्ये त्या परगण्याने तिची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये शाश्वत निचरा प्रणाली, ऑस्ट्रेलियात जलसंवेदी नगररचना आणि चीनमध्ये ‘स्पंज शहर’ या नावांनी याच स्वरूपाचे विचार रूढ झाले. चीनने २०१५ मध्ये सोळा शहरांत त्याचे प्रायोगिक प्रकल्प हाती घेतले. भारतात केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये पर्जन्यजल निचरा प्रणालीविषयीची मार्गदर्शिका प्रकाशित केली असून तीत पाऊसपाणी संकलनाचाही विचार आहे.

नावे भिन्न असली तरी तत्त्व एकच आहे. बांधकाम होण्यापूर्वी एखाद्या भूखंडावरून जितके पाणी व ज्या वेगाने वाहत होते, शक्यतो तितकेच पाणी त्याच वेगाने बांधकामानंतरही बाहेर जावे. त्यासाठी एकाच मोठ्या नाल्यावर विसंबून न राहता शहरभर विखुरलेल्या अनेक लहान रचनांनी पाणी अडविणे, मुरविणे, गाळणे, साठविणे आणि सावकाश सोडणे, असे या पद्धतीचे स्वरूप आहे.

प्रमुख रचना आणि त्यांचे कार्य

१. पर्जन्यबाग : आजूबाजूच्या जमिनीहून १५ ते ३० सेंटिमीटर खोलगट ठेवलेली, निचऱ्याच्या मातीची व झाडाझुडपांची बाग म्हणजे पर्जन्यबाग होय. छताचे वा वाहनतळाचे पाणी तीत सोडले जाते. पाणी मातीतून गाळले जाते, गाळ व तेलकट द्रव्ये वर अडकतात आणि मुळांमुळे माती सच्छिद्र राहते. पाणी घेणाऱ्या अपार्य क्षेत्राच्या साधारणतः ५ ते १० टक्के जागा तीस पुरते.

२. गवताळ चर : रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या गटाराऐवजी उथळ, पसरट व गवताने आच्छादलेला चर काढतात. ठरावीक अंतरावर लहान आडवे बांध घातल्यास पाणी टप्प्याटप्प्याने थांबते. आपल्याकडे हरळीसारखे काटक गवत या कामी उपयोगी पडते.

३. पार्य फरसबंदी : ठोकळ्यांच्या फटींतून पाणी खाली जाते व खालच्या खडीच्या थरात साठते. परंतु आपल्याकडे पेव्हिंग ब्लॉक अनेकदा सिमेंट-काँक्रीटच्या थरावर बसविले जातात व फटीही सिमेंटने बुजविल्या जातात. अशी फरसबंदी पार्य दिसते, असत नाही.

४. छतावरील पाण्याचे संकलन व पुनर्भरण : छताचे पाणी गाळून टाकीत साठविणे आणि जादा पाणी विहिरीत, विंधन विहिरीत वा पुनर्भरण खड्ड्यात सोडणे, हा भाग सर्वपरिचित आहे.

५. तात्पुरता साठा : मैदाने, उद्याने व मोकळ्या जागा किंचित खोलगट ठेवून मोठ्या पावसाचे पाणी तेथे काही तास थोपविता येते. पाऊस ओसरल्यावर ते लहान तोंडाच्या नळीतून नाल्यात जाते आणि मैदान पुन्हा खेळासाठी मोकळे होते.

काळी माती आणि कातळ : अनुकरणाच्या मर्यादा

वरील रचना ज्या देशांत विकसित झाल्या तेथील पाऊस, माती व निचरा यांची परिस्थिती वेगळी होती. त्यांचे आराखडे जसेच्या तसे मराठवाड्यात आणल्यास अपयश येण्याची शक्यता अधिक आहे. यासाठी चार बाबी विचारात घ्याव्या लागतात.

पहिली बाब काळ्या मातीची. उन्हाळ्यात या मातीला रुंद भेगा पडतात आणि पहिला पाऊस ती भराभर पिऊन घेते. पण ओली झाली की ती फुगते, भेगा बुजतात आणि पाणी मुरण्याचा वेग तासाला एखाद्या मिलिमीटरपर्यंत वा त्याहूनही खाली येतो. समजा, ५०० चौरस मीटर छतासाठी ५० चौरस मीटरची, २० सेंटिमीटर खोल पर्जन्यबाग केली. तीत दहा हजार लिटर पाणी मावते. २५ मिलिमीटर पावसात त्या छतावरून जवळपास तितकेच पाणी येते. आकारमान योग्य आहे. परंतु खाली काळी माती असेल तर २०० मिलिमीटर उंचीचे पाणी जिरण्यास दोनशे तास, म्हणजे आठ दिवसांहून अधिक काळ लागेल. तेवढ्या अवधीत डासांची पैदास पूर्ण होऊ शकते. हीच बाग ताशी दहा मिलिमीटर वेगाने पाणी मुरविणाऱ्या थरावर असेल तर ती वीस तासांत कोरडी होईल. म्हणून काळ्या मातीच्या जागी तो थर काढून मुरमापर्यंत खोदावे, वाळू, खडी व कंपोस्ट यांचे मिश्रण भरावे, आणि मुरूम फारच खोल असेल तर तळाशी छिद्रांची निचरा-नळी टाकावी. ही माती फुगण्या-आकसण्याने पायास धोका पोहोचवते. त्यामुळे अशी रचना इमारतीपासून किमान तीन मीटर दूर असणे इष्ट होय.

जागेची पारख करण्याची रीत सोपी आहे. नियोजित जागी दोन-तीन फूट खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा व जिरू द्यावा. माती भिजल्यानंतर, दुसऱ्या दिवशी, पुन्हा भरून दर तासाला पाण्याची पातळी किती उतरते ते पट्टीने मोजावे. कोरड्या जमिनीवर घेतलेले मोजमाप दिशाभूल करते. भूगोल वा पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे प्रात्यक्षिक एका मोजपट्टीच्या साहाय्याने करता येते.

दुसरी बाब कातळाची. बेसाल्टमध्ये पाणी साठते ते मुख्यतः झिजलेल्या थरांत, फटींत व सांध्यांत. घट्ट कातळाची साठवणक्षमता अत्यल्प असते. एका विंधन विहिरीत सोडलेले पाणी सहज सामावते, तर शेजारची काही मिनिटांत भरून ओसंडते. त्यामुळे पुनर्भरणापूर्वी विहिरीत पाणी ओतून तिची ग्रहणक्षमता तपासणे व भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेसारख्या संस्थेचा सल्ला घेणे हिताचे ठरते. शिवाय बेसाल्ट प्रदेशात मुरविलेले सर्व पाणी एप्रिलपर्यंत त्याच विहिरीत राहील, अशी खात्री देता येत नाही. म्हणून टंचाईग्रस्त शहरात पुनर्भरणाबरोबरच टाकीतील प्रत्यक्ष साठ्यासही महत्त्व द्यावे लागते.

तिसरी बाब पाण्याच्या स्वच्छतेची. पावसाची पहिली सर छतावरील धूळ, पक्ष्यांची विष्ठा व पालापाचोळा घेऊन येते. ती वेगळी काढण्याची सोय हवी. रस्त्यावरील पाण्यात तेल, रबराचे कण व कचरा असतो; ते विंधन विहिरीत थेट सोडणे म्हणजे भूजल कायमचे दूषित करण्यासारखे आहे. छताचे पाणी पुनर्भरणासाठी आणि रस्त्याचे पाणी गवत व मातीतून गाळण्यासाठी, असा भेद कटाक्षाने पाळावयास हवा. नांदेडमध्ये या प्रश्नास नदीच्या आरोग्याची बाजू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत गोदावरीचा सोमेश्वर ते राहेड हा पट्टा होता. पावसाळी नाल्यांत सांडपाणी वाहत असेल तर पहिल्या पुराबरोबर ते सारे नदीत उतरते. सांडपाणी वेगळे झाल्याशिवाय पावसाचे पाणी स्वच्छ राहू शकत नाही.

चौथी बाब आठ कोरड्या महिन्यांची. पर्जन्यबागेतील वनस्पती दोन दिवस पाण्यात उभ्या राहणाऱ्या आणि मे महिन्याचे ऊन सोसणाऱ्या असाव्यात. वाळा, कण्हेर, अडुळसा, करंज यांचा विचार करता येईल. टँकरचे पाणी घालून जगवावी लागणारी शोभेची हिरवळ या उद्दिष्टाशी विसंगत आहे.

टेंभुर्णीचा शोषखड्डा : एक जवळचा धडा

विकेंद्रित पद्धतीने पाणी मुरविण्याचा यशस्वी प्रयोग नांदेड जिल्ह्यातच झाला आहे. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे हटविली व डासांचा उपद्रव आटोक्यात आणला. खड्ड्याच्या मध्यभागी छिद्रे पाडलेली सिमेंटची नळी वा टाकी आणि भोवती दगडगोटे, अशी त्याची रचना आहे. रोजगार हमी योजनेतून जिल्हाभर असे खड्डे घेण्यात आले आणि हा उपक्रम ‘नांदेड पॅटर्न’ या नावाने राज्यात परिचित झाला. खर्च कमी, साहित्य गावातले, देखभाल घरच्यांकडे आणि परिणाम डोळ्यांना दिसणारा, ही त्याच्या यशाची कारणे होत.

शहरी पर्जन्यजलासाठी या प्रयोगातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, लोकांच्या अंगणात केलेली लहान रचना सार्वजनिक गटाराचे काम हलके करू शकते. दुसरा निष्कर्ष सावधगिरीचा आहे. चार फूट लांब, रुंद व खोल अशा दगड भरलेल्या खड्ड्यात पाण्यासाठी सुमारे ४० टक्के पोकळी धरली तर त्यात एका वेळी अंदाजे ७०० लिटर पाणी मावते. एका कुटुंबाच्या रोजच्या धुण्याभांड्याच्या पाण्यासाठी ते पुरेसे आहे. परंतु १०० चौरस मीटर छतावर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर दोन हजार लिटरहून अधिक पाणी येते. तेच पाणी या खड्ड्यात सोडल्यास खड्डा भरून वाहील आणि साबणाचे सांडपाणी पुन्हा रस्त्यावर येईल. म्हणून सांडपाण्याचा शोषखड्डा आणि पावसाचा पुनर्भरण खड्डा हे स्वतंत्रच असावेत.

नियम, अंमलबजावणी आणि महाविद्यालये

महाराष्ट्रात पाऊसपाणी संकलनासंबंधीचे नियम आहेत. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ५०० चौरस मीटर वा त्याहून अधिक क्षेत्राच्या भूखंडावरील नव्या बांधकामास अशी व्यवस्था आवश्यक केलेली आहे. तथापि दोन उणिवा जाणवतात. दाट वस्तीतील बहुसंख्य घरे याहून लहान भूखंडांवर असल्याने नियमाच्या कक्षेबाहेर राहतात. तसेच नियमाचा भर रचना बांधण्यावर आहे. ती पाचव्या पावसाळ्यात काम करते की नाही, हे पाहण्याची सवय रुजलेली नाही. गाळणीतील वाळू बदलली नाही तर दोन-तीन वर्षांत पुनर्भरण खड्डा केवळ बुजलेला खड्डा उरतो.

या संदर्भात महाविद्यालयांची भूमिका विशेष महत्त्वाची आहे. त्यांच्याकडे मोठी छते, मैदाने, वाहनतळ आणि विद्यार्थी असतात. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या स्थापनेपासून, म्हणजे १९९४ पासून, नांदेड व लातूर ही दोन्ही शहरे एकाच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहेत. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या २०२० च्या सुमाराच्या आराखड्यात जलसंवर्धनाच्या सुविधांचा स्वतंत्र निर्देशक होता; त्यात पाऊसपाणी संकलन, विहीर पुनर्भरण, टाक्या व बांध यांचा समावेश होता. त्यामुळे अनेक परिसरांत अशा रचना झाल्या. त्यांची छायाचित्रे अहवालात लागली. परंतु किती पाणी मुरले, याच्या नोंदी क्वचितच ठेवल्या गेल्या.

दोन हजार चौरस मीटर छताच्या एका महाविद्यालयाचे उदाहरण घेऊ. ८०० मिलिमीटर पाऊस व २० टक्के घट धरली तर वर्षाला १२ लाख ८० हजार लिटर पाणी त्या छतावरून मिळू शकते. अशी दोन महाविद्यालये एकत्र केली तर पन्नास डब्यांच्या एका गाडीएवढे पाणी होते. हे सर्व पाणी साठविणे शक्य नाही. पण एक पर्जन्यमापक, विहिरीच्या पातळीची आठवड्याची नोंद आणि गाळणीच्या सफाईचे वेळापत्रक एवढे ठेवले तरी पाच वर्षांत त्या परिसराची विश्वसनीय माहिती तयार होईल. नगरपालिकांच्या नियोजनकारांना आज नेमकी अशाच स्थानिक मोजमापांची गरज आहे.

मर्यादा

या पद्धतींकडून अवास्तव अपेक्षा बाळगणे योग्य नव्हे. त्या प्रामुख्याने लहान व मध्यम पावसासाठी, साधारणतः २५ ते ४० मिलिमीटरपर्यंतच्या सरींसाठी उपयुक्त आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात झालेल्या अतिवृष्टीसारख्या आपत्तीत पर्जन्यबागा शहर वाचवू शकत नाहीत. चीनमधील झेंगझोऊ शहरात ‘स्पंज शहर’ योजनेची कामे झालेली असूनही २० जुलै २०२१ रोजी एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस पडल्यावर मोठी हानी झाली. गोदावरीचा पूर हा तर शहराबाहेरील संपूर्ण खोऱ्याचा प्रश्न आहे. म्हणून सक्षम नाले, पूररेषेचे पालन आणि धरणांतील विसर्गाची पूर्वसूचना यांना अल्पाघाती पद्धती हा पर्याय नसून पूरक उपाय आहे. मात्र वर्षातील बहुसंख्य पावसाळी दिवस अतिवृष्टीचे नसतात. त्या दिवसांचे पाणी सांभाळण्याचे काम या पद्धती निश्चितच करू शकतात.

समारोप

नांदेड आणि लातूर या शहरांना एकच उपाययोजना लागू करता येणार नाही. लातूरमध्ये छताच्या पाण्याची साठवण व तपासणीपूर्वक केलेले विहीर-पुनर्भरण यांना अग्रक्रम द्यावा लागेल. कारण तेथे उन्हाळ्यातील प्रत्येक हजार लिटरला मोल आहे. नांदेडमध्ये पाणी काही तास थोपविणे, ते गवत व मातीतून गाळणे आणि सांडपाण्यापासून वेगळे ठेवणे यांना अग्रक्रम मिळावा. कारण तेथे तुंबणे आणि नदीचे प्रदूषण हे मुख्य प्रश्न आहेत. दोन्हीकडे काळी माती, कातळ आणि आठ कोरडे महिने यांचा विचार करूनच आराखडा तयार व्हावयास हवा.

शहराचा दुष्काळ आणि शहरातील पूर हे दोन स्वतंत्र प्रश्न मानून त्यांसाठी दोन स्वतंत्र अंदाजपत्रके करण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात ते एकाच पावसाच्या दोन बाजू आहेत. जुलैमध्ये जे पाणी रस्त्यावरून गटारात जाते, त्याच्याच शोधात एप्रिलमध्ये टँकर फिरतात. २०१६ साली लातूरकरांनी पाण्याचे मोल ३४० किलोमीटर अंतराच्या हिशेबात अनुभवले. तो अनुभव स्मरणात आहे, तोवरच आपल्या छतावरील पाण्याची वाट गटाराकडून मातीकडे वळविणे श्रेयस्कर ठरेल.